‘पोटदुखी’ बेटाची सहल आणि न दाखवलेले लिम्पेट

सार्डिनियाच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरिस्तानो शहराजवळ सिनिस नावाचे द्वीपकल्प आहे आणि त्याच्यासमोर भर समुद्रात, सुमारे आठ किलोमीटर अंतरावर, ग्रॅनाइटचे एक सपाट, झाड नसलेले बेट आहे. नकाशावर त्याचे नाव ‘मल दि वेंत्रे’ असे छापलेले असते. इटालियन भाषेत त्याचा सरळ अर्थ ‘पोटदुखी’ असा होतो. स्थानिक सार्डिनियन लोक मात्र या बेटाला ‘मालू एंतू’ म्हणत आले आहेत, म्हणजे वाईट वारा. नकाशे काढणाऱ्यांनी ते नाव चुकीचे ऐकले आणि वाऱ्याचे पोट झाले. आमच्या सहलीच्या दिवशी वायव्येकडून मिस्त्राल वारा सुटलेला होता आणि परतताना निम्म्या प्रवाशांचे चेहरे पाहता दोन्ही नावे सारखीच खरी वाटत होती.

आम्ही तुरीनला राहतो. माझे वडील, आप्पा, दोन महिन्यांसाठी मालवणहून आले होते, तेव्हा सप्टेंबरच्या मध्यात त्यांना आणि आमच्या दहा वर्षांच्या लेकीला घेऊन सार्डिनियाला गेलो. त्या मुक्कामात या बेटाची ‘निसर्ग-मार्गदर्शकासह दिवसभराची नौकासफर’ अशी जाहिरात असलेली एक सहल आम्ही घेतली. सेवा देणारी मंडळी छोटी आहेत आणि पुढे एक तक्रारही येणार आहे, म्हणून त्यांचे नाव येथे देत नाही. मांद्रिओलाच्या धक्क्यावरून अशा होड्या सुटतात, तेथे विचारणा केली की चार-पाच जण सारखीच सहल देऊ करतात. या परीक्षणातील बहुतेक गोष्टी त्यांपैकी कोणालाही लागू पडाव्यात.

ही सहल निवडण्याचे कारण जाहिरातीतील एक ओळ होती. ‘भूमध्य समुद्रातील सर्वांत दुर्मीळ लिम्पेटचे घर’ असे त्यात म्हटले होते आणि त्याखाली एका कवचाचे मोठे छायाचित्र होते. लिम्पेट म्हणजे खडकाला उपड्या वाटीसारखी चिकटून बसणारी, एकाच कवचाची समुद्री गोगलगाय. तिच्या या जातीचे शास्त्रीय नाव पटेला फेरुजिनिया. फेरुजिनिया म्हणजे गंजाच्या रंगाची, आणि लॅटिनमध्ये पटेला म्हणजे लहान ताटली, हे कळल्याबरोबर आप्पांनी ‘म्हणजे आपलं पातेलंच की’ असे म्हणून विषय निकाली काढला. आम्ही दिवसभर तिला गंजके पातेले म्हणत होतो, हे शास्त्रज्ञांनी माफ करावे.

होडीविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. ती वेळेवर सुटली, जीवरक्षक जॅकेटे सर्वांना पुरली, सावलीसाठी ताडपत्री होती आणि लहान मुलांना मधल्या बाकावर बसवण्याची दक्षता होडीवाल्याने स्वतःहून घेतली. मार्गदर्शक तरुणी समुद्री जीवशास्त्र शिकलेली होती आणि इटालियनबरोबर चांगले इंग्रजीही बोलत होती. तिच्याविषयी मला काही बोलायचे आहे ते पुढे येईलच, पण जाण्याच्या प्रवासातील निवेदन तिच्या नव्हे, तर होडीवाल्याच्या हाती होते, आणि त्याची वाटणी मला खटकली. बेटाजवळ १९८८ साली सापडलेल्या रोमन जहाजाविषयी, त्यातील सुमारे एक हजार शिशाच्या विटांविषयी आणि त्यांतील काही विटा पुढे भौतिकशास्त्राच्या भूमिगत प्रयोगशाळेत किरणोत्सर्ग अडवण्यासाठी कशा वापरल्या गेल्या याविषयी तो रंगून बोलला. २००८ साली एका सार्डिनियन स्वातंत्र्यवाद्याने या निर्मनुष्य बेटावर तंबू ठोकून प्रजासत्ताकाची घोषणा केली होती, तीही गोष्ट त्याने अभिनयासह सांगितली. दोन्ही गोष्टी ऐकण्यासारख्या आहेत, यात वाद नाही. परंतु ज्या प्राण्याच्या छायाचित्रावर तिकीट विकले, त्याच्या वाट्याला तासाभरात दोन वाक्ये आली आणि त्यांतील एक ‘चवीला उत्तम असते म्हणतात’ असे होते.

बेटाच्या पूर्वेकडील वाळूच्या छोट्या किनाऱ्यावर उतरल्यानंतर मात्र सूत्रे मार्गदर्शक तरुणीकडे आली आणि सहलीचे रूप बदलले. तिने पिशवीतून कवचाची प्लास्टिकची प्रतिकृती काढली आणि ती हातोहात फिरवली. ती माझ्या तळहातावर जवळजवळ मावेनाशी होती, कारण ही जात दहा सेंटिमीटरच्या आसपास वाढू शकते, तर शेजारच्या खडकावर दिसणारी नेहमीची लिम्पेटे रुपयाच्या नाण्याहून फार मोठी नव्हती. कवचाच्या टोकापासून कडेपर्यंत जाड उभ्या धारा उतरत होत्या, एखाद्या चांगल्या सुगरणीच्या मोदकाला कळ्या पडाव्यात तशा, आणि प्रत्येक धार कडेवर येऊन पुढे निघाल्यामुळे कड कातणाने कापलेल्या करंजीसारखी नागमोडी झाली होती. साध्या लिम्पेटची कड याहून सपाट आणि धारा बारीक असतात. दोन मिनिटे हातात धरल्यावर लेकीलाही हा फरक डोळे मिटून सांगता आला. जाहिरातीतील गुळगुळीत छायाचित्रापेक्षा ही प्रतिकृती शंभर पटींनी उपयोगी आहे आणि ती धक्क्यावरच, होडी सुटण्यापूर्वी, सर्वांच्या हाती द्यायला हवी, अशी माझी सूचना आहे. ती का, हे पुढील प्रसंगावरून कळेल.

यानंतरचा अर्धा तास हा या सहलीचा गाभा होता. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. पाणी वीस-तीस सेंटिमीटर वरखाली होते, एवढेच. कोकणच्या माणसाला हे आधी पटत नाही. आप्पांनी तर ‘मग इथली माणसं कालवं केव्हा काढतात?’ असेच विचारले. त्यामुळे हे लिम्पेट जगते तो पट्टा पाण्याच्या रेषेलगत, लाटांचे शिंतोडे उडतील एवढ्या उंचीवर, जेमतेम हातभर रुंद असतो. पश्चिम भूमध्य समुद्राबाहेर ते कोठेही आढळत नाही, म्हणजे त्याचे सारे जग किनाऱ्यावर आखलेली ही एक बारीक पट्टी आहे, आणि ती पट्टी माणसाला पायही न भिजवता गाठता येते. माशाच्या मागे होडी न्यावी लागते, पोवळ्यासाठी बुडी मारावी लागते. या प्राण्यासाठी एक चाकू आणि मोकळी दुपार पुरते. अश्मयुगापासून माणसाने त्याला खाल्ले, पुढे गळाला लावण्यासाठी आमिष म्हणून वापरले, कवचे शोभेसाठी नेली, आणि एके काळी पश्चिम भूमध्य समुद्राभोवती सर्वत्र आढळणारी ही जात युरोपच्या मुख्य भूमीवर आता दक्षिण स्पेन सोडल्यास जवळजवळ उरलेली नाही. कॉर्सिका, सार्डिनिया, उत्तर आफ्रिकेचा किनारा आणि काही लहान बेटे, एवढाच तिचा आधार राहिला आहे.

मोठे कवच उचलण्याचा परिणाम इतका घातक का होतो, हे तिने वाळूवर काटकीने वर्तुळे काढून समजावले. हा प्राणी आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि पुरेसा मोठा झाल्यावर मादी होतो. माणूस खडकावरून नेमका मोठाच दाणा वेचतो, म्हणजे तो न कळत माद्याच वेचत असतो आणि मागे राहतात ते बहुतांशी नर. शिवाय या प्राण्यांचे मीलन होत नाही. शरद ऋतूच्या अखेरीस, वादळी लाटांच्या दिवसांत, नर आणि मादी आपापली बीजे थेट पाण्यात सोडतात, आणि दोघे एकमेकांपासून बरेच लांब असतील तर ती बीजे भेटतच नाहीत. त्यामुळे एखाद्या खडकावर दहा-बारा लिम्पेटे उरलेली असली, तरी तेथे पुढची पिढी येईलच असे नाही. पाण्यात तरंगणारी पिल्ले थोड्याच दिवसांत खडकावर बसू पाहतात, म्हणून फार लांबच्या किनाऱ्यावरून नवी भर पडण्याची आशाही थोडीच असते. त्यातही काही पिल्ले चक्क मोठ्यांच्या कवचावरच बसलेली आढळतात. मोठे कवच उचलणारा, त्याच्या पाठीवर बसलेले कडेवरचे मूलही उचलून नेतो.

एवढे सांगून झाल्यावर सर्वांनी साहजिकच विचारले की ते कोठे दिसेल. तिने शांतपणे उत्तर दिले की बेटावर ते आहे, पण नेमकी जागा ती कोणालाही दाखवत नाही, आणि होडीही त्या खडकांजवळ जाणार नाही.

मला त्या क्षणी फसवल्यासारखे वाटले, हे कबूल केले पाहिजे. माणशी ३० युरो मोजून आलेल्या गिऱ्हाईकाला जाहिरातीतील वस्तू दाखवायची नाही, हा कोणता व्यवहार? एका जोडप्याने तसे बोलूनही दाखवले. तिने त्यावर सांगितले ते असे. हा सागरी प्रदेश १९९७ पासून संरक्षित आहे. या जातीला तर त्याआधीच, युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशामुळे, कडक संरक्षण आहे, म्हणजे तिला पकडणे, मारणे किंवा मुद्दाम त्रास देणे हा गुन्हा आहे. तरीही ओरिस्तानोच्या संशोधकांनी याच बेटावरील लिम्पेटांची वर्षानुवर्षे मोजदाद केली, तेव्हा संख्या घटत चाललेली दिसली आणि त्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला, की संरक्षित क्षेत्र घोषित करणे पुरेसे आहे का. चोरटी वेचणी आणि अपुरी गस्त ही त्यामागची कारणे आहेत. जेथे माणूस सहज पोहोचतो, तेथून मोठी लिम्पेटे आधी नाहीशी होतात. आता आठवड्याला शंभर पर्यटकांना मी जागा दाखवली, तर मी कोणाचे काम करीन, असे तिने उलट विचारले. त्या जोडप्याकडे उत्तर नव्हते आणि माझ्याकडेही नव्हते. न दाखवण्याचा हा निर्णय मला या सहलीतील सर्वांत चोख सेवा वाटतो. मात्र तो तिकीट विकतानाच स्पष्ट लिहायला हवा आणि छायाचित्राखालची ओळ बदलायला हवी, कारण त्या दोहोंचा मेळ बसत नाही.

दाखवले ते साधे लिम्पेट, आणि तेही मन लावून. पोटावर झोपून पाहायला सांगितले, हात लावायचा नाही ही अट. जवळून पाहिल्यावर दिसले की खडकाच्या खडबडीत पृष्ठभागाला कवचाची कड खाचेला खाच जुळावी तशी बसली आहे, आणि भोवती बोटभर रुंदीचा खडक झाडून काढल्यासारखा उघडा आहे, त्यापलीकडे शेवाळाची हिरवी-काळी साय सुरू होते. हा प्राणी चरायला बाहेर पडतो आणि पुन्हा आपल्याच जागेवर येऊन बसतो, त्यामुळे कवच त्या एका जागेच्या मापाने वाढत जाते. दुर्मीळ जातीचेही असेच. खडक खरवडणाऱ्या त्याच्या जिभेवरील दातांत गोएथाइट हे लोहखनिज असते, आणि ब्रिटनमधील नेहमीच्या लिम्पेटच्या दातांची २०१५ साली पोर्ट्स्मथ विद्यापीठात चाचणी घेतली, तेव्हा ते तोवर ज्ञात असलेल्या जैविक पदार्थांत सर्वांत मजबूत ठरले होते. लेकीने ही माहिती वहीत लिहून घेतली आणि आजोबांच्या कवळीशी तुलना केली, ती येथे देत नाही.

आता तक्रार. जेवणाच्या सुटीत मार्गदर्शक काही जणांना जुन्या दीपगृहाकडे घेऊन गेली होती. आम्ही सावलीत बसलो असताना आप्पा अचानक उठून खडकांकडे चालू लागले. मालवणच्या खडकांवर कोयतीने कालवे फोडणाऱ्या बायका त्यांनी जन्मभर पाहिल्या आहेत, तो टकटक आवाज त्यांना लांबूनही कळतो. खडकाआड आमच्याच होडीतील एक गृहस्थ खिशातील चाकूने लिम्पेटे उचकटून प्लास्टिकच्या पेल्यात टाकत होते. संध्याकाळच्या स्पॅगेटीत घालायला, असे त्यांनी हसत सांगितले. होडीवाला दहा पावलांवर उभा होता, त्याला ते दिसत होते आणि तोही हसला. ‘खडकावरून काहीही काढू नये’ हा नियम त्यांच्याच तिकिटाच्या मागे छापलेला आहे. आप्पांना इटालियन येत नाही. त्यांनी पेल्यावर आडवा हात धरला आणि मला म्हणाले, ‘अगं, विचार त्याला, यात तिचं पातेलं नाही ना?’

मार्गदर्शक परतल्यावर तिने पेला वाळूवर रिकामा करून एकेक दाणा तपासला. अकराही साधी लिम्पेटे होती. ती तिने ओल्या खडकावर परत ठेवली खरी, पण चाकूने पाय दुखावलेले लिम्पेट पुन्हा घट्ट बसेल याची खात्री नसते, आणि तोवर लाटेने किंवा खेकड्याने त्याचा निकाल लावलेला असतो. मुद्दा असा, की त्या गृहस्थांना दोन जातींमधील फरक ठाऊक नव्हता. प्रतिकृती फिरत होती तेव्हा ते पोहत होते. त्या खडकावर एखादे मोठे, करंजीच्या कडेचे कवच असते, तर तेच आधी पेल्यात गेले असते. होडीवाल्याने त्यांना हटकले नाही, ही या सेवेतील सर्वांत मोठी त्रुटी आहे आणि एका चांगल्या मार्गदर्शकाने ती भरून निघत नाही.

परतीच्या वाटेवर वारा वाढला, तरी मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि हे सारे वाचवण्याचे काही उपाय चालू आहेत का, असे विचारले. तिच्या उत्तरातील पहिला भाग मला अनपेक्षित होता. या प्राण्याच्या सर्वांत भरभक्कम वसाहतींपैकी काही निसर्गरम्य ठिकाणी नसून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील स्युता आणि मेलिया या स्पॅनिश शहरांच्या बंदरांच्या धक्क्यांवर, लाटा फोडण्यासाठी टाकलेल्या दगडांवर आहेत. त्याच किनाऱ्याजवळील चाफारिनास या स्पॅनिश बेटांवरही ते मोठ्या संख्येने आहे, कारण तेथे लष्कराचे ठाणे असल्याने सामान्य माणसाला उतरता येत नाही. म्हणजे या प्राण्याला नितळ पाण्याइतकेच कुंपण मानवते. सेव्हिया विद्यापीठाच्या संशोधकांनी यावरूनच अशी कल्पना मांडली, की बंदरांच्या ज्या भिंतींवर तशीही ये-जा बंद असते, त्यांना छोटी राखीव क्षेत्रे म्हणून मान्यता द्यावी. मला ही कल्पना फार पटली. नव्या जागी नवे संरक्षण उभारण्यापेक्षा असलेल्या कुलपाचा उपयोग करणे कधीही स्वस्त.

दुसरा भाग इटलीतला आहे. लिगुरियातील पोर्तोफिनो, बेर्जेज्जी आणि चिंक्वे तेर्रे या संरक्षित किनाऱ्यांवर ही जात पुन्हा वसवण्यासाठी युरोपीय निधीतून ‘रीलाइफ’ नावाचा प्रकल्प हाती घेतला गेला, त्यात जेनोवा विद्यापीठही होते, आणि त्यासाठीची लिम्पेटे सार्डिनियाच्याच पूर्वेकडील ताव्होलारा येथून आणली. ही हलवाहलव वाटते तितकी सोपी नसते, कारण खडकावरून काढताना आणि नव्या जागी बसवताना त्यांतील बरीच दगावतात. म्हणूनच प्रयोगशाळेत पैदास करण्याचे तंत्र संशोधकांनी आधी साध्या जातीवर घोटून घेतले, दुर्मीळ जातीला हात नंतर लावला. हे सर्व तिने उसळत्या होडीत, एका हाताने दोरी धरून सांगितले. माझ्या मते होडीवाल्याचे निवेदन तिच्याकडे सोपवले, तर सहलीचा दर्जा एका दिवसात सुधारेल. शिशाच्या विटा दहा मिनिटांत उरकता येतात.

सोयींविषयी थोडक्यात. बेटावर पाणी, दुकान, स्वच्छतागृह यांपैकी काहीही नाही, त्यामुळे सर्व काही बरोबर न्यावे. दिलेले जेवण म्हणजे पाव, चीज आणि टोमॅटो, ताजे होते पण शाकाहारी माणसाने आधी कळवलेले बरे, कारण पर्याय म्हणून निघालेल्या दुसऱ्या डब्यात सॉसेज होते. होडीतून किनाऱ्यावर उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो. आप्पांना बाहत्तराव्या वर्षी ते सहज जमले, पण गुडघेदुखी असलेल्यांनी विचार करावा. किनाऱ्यावरील समुद्रगवताच्या वाळक्या पात्यांचे ढीग पाहून नाक मुरडू नये, ते वाळू धरून ठेवतात. मिस्त्राल वाऱ्याचा इशारा असेल, तर सहल पुढे ढकलून मागावी. आमच्या माहितीप्रमाणे ते पैसे न कापता तारीख बदलून देतात.

पाचांपैकी मी साडेतीन तारे देते. मार्गदर्शक तरुणी एकटीची असती तर पाच दिले असते. एक तारा चाकूच्या प्रसंगासाठी कापला आहे आणि अर्धा जाहिरातीतील त्या ओळीसाठी. हेच सारे मी त्यांना पत्राने कळवले, त्यात प्रतिकृती धक्क्यावर दाखवण्याची सूचना आणि होडीवाल्याची तक्रार, दोन्ही होत्या. चार दिवसांनी उत्तर आले. त्यात दिलगिरी होती, पुढच्या वेळी सवलत देऊ असे आश्वासन होते, आणि खाली विचारले होते की आप्पांचा पेल्यावर हात धरलेला एखादा फोटो आमच्याकडे आहे का, तो धक्क्यावरील फलकासाठी हवा आहे. फोटो काढायचे कोणालाच सुचले नव्हते.